न लिहिलेला तिसरा अंक



सांगलीत उभं राहून नाटकाविषयी बोलायचं म्हणजे हलवायाला साखरेची चव सांगण्यासारखं आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ केलं आणि तिथून आपण मराठी रंगभूमीचं वय मोजतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. म्हणून इतिहास सांगत बसत नाही. आज एक तक्रार मांडायची आहे. ती आपल्या नाटक-सिनेमांबद्दल आहे आणि त्यांच्याकडं बघणाऱ्या आपल्याबद्दलही आहे.

विषय तुम्हाला माहीत आहे. जन्मापासून किंवा लहानपणापासून तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं. जेवणखाण, आंघोळ, शी-शू सगळं दुसऱ्याच्या हातानं. बोलणं चार-दोन शब्दांचं, कधी तेवढंही नाही. आणि अशी माणसं आता तीस, चाळीस, पन्नास वर्षांची झालेली. त्यांना सांभाळणारे आईबाप साठीत, सत्तरीत. सातारा-सांगलीच्या कुठल्याही मोठ्या गावात असं एक तरी घर बहुतेकांनी पाहिलेलं असतं. माझा प्रश्न साधा आहे. या घराविषयी मराठी कलाकृतींनी काय पाहिलं, आणि काय पाहायचं राहून गेलं?

आधी भाषेपासून सुरुवात करू. आपल्याकडं म्हणतात, “त्यांच्यात एक खुळं पोरगं हाय.” पोरगं, लेकरू, मूल, सगळे नपुंसकलिंगी शब्द. तसं प्रत्येकच मूल मराठीत नपुंसकलिंगी असतं. पण ते मोठं होतं तसं भाषा त्याला पुढं नेते. पोरगं असतं त्याचा पोरगा होतो, मग गडी होतो, मग आप्पा नाही तर तात्या होतो. पोरीची बाई होते, काकू होते, आजी होते. या माणसांना मात्र भाषा तिथंच ठेवते. दाढी पांढरी झाली तरी “जेवलं का ते?” आता आपण सुधारलो. ‘खुळं’ सोडलं, ‘मतिमंद’ म्हणायला लागलो, तेही सोडून ‘विशेष मूल’ म्हणायला लागलो. शिवी गेली हे चांगलंच झालं. पण ‘मूल’ काही गेलं नाही. बेचाळीस वर्षांच्या माणसाला आपण शहरी, सभ्य आवाजात ‘स्पेशल चाइल्ड’ म्हणतो. आज मी जाणूनबुजून ‘तो’ आणि ‘ती’ म्हणणार आहे. त्यानं काय फरक पडतो ते बघा.

आता कलाकृतींकडं येऊ. मराठीत या विषयावर दोन नावं लगेच आठवतात. जयवंत दळवींचं नाटक ‘नातीगोती’ आणि १९९१ साली आलेला, संजय सूरकरांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट ‘चौकट राजा’. एक मजेची गोष्ट लक्षात घ्या. ‘नातीगोती’त दिलीप प्रभावळकर अशा मुलाचे वडील होते, मुलाचं काम अतुल परचुरेंनी केलं होतं, आईचं स्वाती चिटणीसांनी. आणि ‘चौकट राजा’मध्ये तेच प्रभावळकर नंदू झाले, म्हणजे खुद्द तो माणूस. एकाच नटानं हा प्रश्न दोन्ही बाजूंनी अंगावर घेतला. मराठीतलं हे एक विलक्षण दुहेरी काम आहे आणि त्याबद्दल आपण कृतज्ञच असायला हवं.

‘नातीगोती’चं मोठेपण कशात? दळवींनी आईची देवी केली नाही. ते नवरा-बायकोकडं बघतात. वयात आलेला मुलगा घरात आहे, दोघांनाही नोकरी करायची आहे, आणि त्या दोघांचं आपसातलं नातं त्या ओझ्याखाली कसं वाकतं, कुठं चिरतं, हे नाटक न लाजता दाखवतं. आईबाप थकतात, चिडतात, एकमेकांवर संशय घेतात. हे रंगमंचावर म्हणायला धाडस लागतं, कारण आपल्याला आईबापांकडून थकवा नको असतो, त्याग हवा असतो.

‘चौकट राजा’ची वाट वेगळी. तिथं नंदूला आलेलं अपंगत्व लहानपणीच्या अपघातातून आलंय, आणि त्याची बालमैत्रीण मोठेपणी त्याला पुन्हा भेटते. चित्रपटाचा जीव या मैत्रीत आणि तिच्या मनातल्या टोचणीत आहे. सुलभा देशपांडेंची आई विसरता येत नाही. आणि या चित्रपटानं मोठं काम केलं. तोवर अशा माणसाला बघून हसणारा प्रेक्षक निदान गप्प बसला. पण कथेची सोय बघा. अपघात आहे म्हणजे कारण आहे, कारण आहे म्हणजे कुणाला तरी अपराधी वाटायला जागा आहे, आणि अपराधी वाटलं की प्रायश्चित्ताची वाट सापडते. खऱ्या घरांत बहुतेक वेळा असं बोट ठेवायला काही नसतं. आई मात्र आयुष्यभर शोधत राहते. ग्रहणात काही चिरलं का, बाळंतपणात उशीर झाला का, ताप डोक्यात गेला का. उत्तर मिळत नाही, आणि उद्या सकाळी त्याला पुन्हा आंघोळ घालायचीच असते.

दळवींचं आणखी एक नाटक आठवा, ‘संध्याछाया’. सत्तरच्या दशकातलं. नाना-नानी म्हातारे झालेत, एक मुलगा परदेशात, घर रिकामं. कितीतरी प्रेक्षक ते बघून रडले, कारण मुलं उडून जातात हे दुःख मध्यमवर्गाला ओळखीचं व्हायला लागलं होतं. आता ही दोन नाटकं शेजारी ठेवा. एकात मुलगा घर सोडून गेलाय, दुसऱ्यातला मुलगा कधीच जाऊ शकणार नाही. म्हणजे दळवींनी म्हातारपण लिहिलं आणि अपंग मुलाचं घरही लिहिलं, पण वेगवेगळं. या दोन नाटकांच्या मध्ये एक तिसरं नाटक पडून आहे. त्यात नाना-नानी आहेत, पंचाहत्तरीचे, आणि घर रिकामं नाही. आतल्या खोलीत पन्नाशीचा बच्चू आहे. नानांना आता त्याला उचलता येत नाही. नानींना एकच भीती आहे, आपण आधी गेलो तर. आणि दुसरी भीती त्या बोलत नाहीत, तो आपल्या आधी गेला तर बरं, असं आपल्याच मनात येतं याची. हा तिसरा अंक मराठीनं लिहिलेला मला दिसत नाही.

आपल्या भागात याला नेमका शब्द आहे. ‘आमच्या माघारी.’ असे आईबाप भेटले की दहा मिनिटांत हा शब्द येतो. आजाराबद्दल ते फार बोलत नाहीत, नशिबाबद्दलही नाही. “आमच्या माघारी याचं कसं?” एवढंच.

मग मुलगी? ‘नातीगोती’त मुलगा, ‘चौकट राजा’त मुलगा. २०१४च्या ‘यलो’मध्ये मुलगी आली. गौरी गाडगीळ ही डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू, आणि तिनं स्वतःचं काम स्वतः केलं. मराठी पडद्यावर ही फार मोलाची गोष्ट घडली, कारण तिथं नटानं केलेली नक्कल उरली नाही, खुद्द ती होती. पण ती जिंकण्याची गोष्ट आहे. जिला पोहता येणार नाही, पदक मिळणार नाही, जिला पाळी आलेलीसुद्धा कळत नाही, अशा तीस वर्षांच्या मुलीचं घर कुठल्या पडद्यावर आहे? हा प्रश्न नाजूक म्हणून बाजूला ठेवू नका. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात झाल्या. महिला संघटना रस्त्यावर आल्या, राज्यभर वाद पेटला. एका बाजूला स्वच्छता आणि सुरक्षिततेचा मुद्दा, दुसऱ्या बाजूला त्या बायकांच्या शरीरावर हक्क कुणाचा हा मुद्दा. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले. पण त्या मुलींपैकी एकीच्या आईच्या मनात त्या दिवसांत काय चाललं असेल, हे नाटकाचं काम होतं. तसं नाटक माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे फक्त मराठीचं दुखणं नाही, म्हणून जरा बाहेर जाऊ. पर्ल बक या अमेरिकन लेखिका, ‘गुड अर्थ’ लिहिणाऱ्या, १९३८च्या नोबेल मानकरी. त्यांची मुलगी कॅरल १९२० साली जन्मली, तिला तीव्र बौद्धिक अपंगत्व होतं. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत तिला ठेवलं होतं, आणि तिथल्या खर्चाची काळजी हे बकबाईंच्या लिहिण्यामागचं एक मोठं कारण होतं. १९५० साली त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘कधीच मोठी न झालेली मुलगी’. प्रामाणिक आणि त्या काळासाठी धीट पुस्तक. पण त्या नावाचं पुढं काय झालं बघा. बकबाई १९७३ साली गेल्या. कॅरल गेली १९९२ साली, बहात्तर वर्षांची होऊन. जी ‘मोठी झाली नाही’, ती आईनंतर एकोणीस वर्षं जगली, म्हातारी होऊन गेली. आईची व्यवस्था पुस्तकाच्या नावापेक्षा शहाणी होती. पैसे बाजूला काढताना आईला ठाऊक होतं की मुलगी म्हातारी होणार आहे.

दुसरे, जपानचे केन्झाबुरो ओए. त्यांचा मुलगा हिकारी १९६३ साली डोक्याच्या गंभीर व्यंगासह जन्मला. पुढच्याच वर्षी ओएंनी ‘अ पर्सनल मॅटर’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक, नवा बाप, आपलं बाळ मरावं अशी वाट बघतो. बापाच्या मनातला हा काळोख त्यांनी झाकला नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ओए तिथं थांबले नाहीत. मुलगा वाढत गेला तसा तो त्यांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येत राहिला, दर वेळी वयानं मोठा होऊन. हिकारी पुढं संगीतकार झाला, ते बाजूला ठेवू, सगळ्यांच्या नशिबी ते नसतं. एका लेखकानं आपल्या मुलाला लिखाणात वय वाढवू दिलं, एवढंच मला घ्यायचंय. १९९४ साली त्यांना नोबेल मिळालं, २०२३ साली ते गेले. इतक्या वर्षांचं हे लेखन म्हणजे एक लांबलेला तिसरा अंकच आहे.

तुम्ही म्हणाल, नाटकात तो मूल राहिला तर कुणाचं काय बिघडलं? बिघडतं, कारण सगळा समाजच त्या वयाशी अडून बसतो. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यात सहा ते अठरा असाच लिहिलाय. अठराव्या वाढदिवसाला दोन गोष्टी होतात. त्याला शाळेत जायची जागा उरत नाही, आणि कायद्यानं तो सज्ञान होतो, म्हणजे आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत, तहसीलला, जमिनीच्या कागदावर त्याच्या वतीनं सही कुणी करायची, हा प्रश्न तिथून सुरू होतो. किती आईबापांना हे माहीत असतं? ते म्हणतात, “आम्ही आईबापच की त्याचे.” खरं आहे. पण कागद ते मानत नाही.

इथं कायदा आपल्या साहित्याच्या पुढं गेलाय, हे मला मान्य करावं लागतं. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. आईबापांच्या मृत्यूनंतर त्यांच्या देखभालीची सोय करणं हे त्या कायद्याच्या उद्दिष्टांतच लिहिलंय. म्हणजे ‘आमच्या माघारी’ हा शब्द संसदेनं लिहिला. त्याच कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं अर्ज करून सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी असतो आणि एक अपंग व्यक्ती असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. कागदावरचा शब्द आणि हातात पडणारा पैसा यांत अंतर आहे, ते तुम्ही जाणता.

पण कायद्यालाही ही माणसं नीट कळायला वेळ लागला. आयकराचं कलम ८०डीडी बघा. अपंग अवलंबितासाठी बापानं विम्यात पैसे गुंतवले तर सवलत, पण अट अशी होती की त्याला पैसे मिळणार ते बाप मेल्यावरच. एलआयसीची ‘जीवन आधार’ योजना त्याच धर्तीवर होती. म्हणजे मुलाचा खर्च बापाच्या मरणापासून सुरू होतो असं कायद्यानं धरलं. सत्तरीतल्या, पेन्शन नसलेल्या बापाला आज पैसे लागले तर? हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ साली न्यायालयानं कलम रद्द केलं नाही, पण सरकारनं यावर विचार करावा असं सुचवलं. २०२२ साली दुरुस्ती झाली, आणि बाप किंवा आई साठ वर्षांचे झाल्यावर त्यांच्या हयातीत पैसे मिळाले तरी सवलत टिकेल असं ठरलं. एका ओळीची दुरुस्ती आहे. पण त्या ओळीत नाटकाचा पूर्ण प्रवेश आहे: मुलाची सोय करण्यासाठी ज्याला आधी मरावं लागणार होतं असा बाप.

आता आपल्या मातीवर येऊ. आपण समजतो की गावाकडं एकत्र कुटुंब आहे, सांभाळतील. जरा बघा. पाटण, जावळीकडची कर्ती माणसं मुंबईला, माथाडीत. खानापूर-आटपाडीकडची पोरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली. घरी राहतं कोण? म्हातारी, आणि तो. भाऊ पैसे पाठवतात, सणाला येतात, जीवही लावतात. पण रात्री दोन वाजता फिट आली तर तिथं म्हातारी एकटीच असते.

मग वाटणीचा दिवस येतो. सातबाऱ्यावर त्याचंही नाव आहे. चार भाऊ, चार वाटे. त्याचा वाटा कुणाकडं, आणि तो कुणाकडं? वाट्यासह त्याला घेणारा भाऊ लोभी ठरतो, न घेणारा निर्दयी. भावजयीला कुणी विचारत नाही, आणि अंगावरची कामं तिच्याच हातात येणार असतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला तो हवा असला तरी सासरी कुठल्या तोंडानं विचारायचं? मंडळी, याहून मोठं नाट्य कुठं मिळणार? यात दुष्ट कुणीच नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तरी मधल्या माणसाला जागा नाही.

आणि पूर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी इथं घरांत शिरलं, ते तुमच्यापैकी कित्येकांनी भोगलंय. बोटीत बसायचं म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगता येत नाही, गर्दीला आणि आवाजाला जो घाबरतो, असा सत्तर किलोचा माणूस माडीवरून खाली आणून बोटीत बसवायचाय, असं डोळ्यांपुढं आणा. ‘विशेष मूल’ हा शब्द त्या जिन्यावर काही कामाचा नाही. तिथं वजन कळतं, वय कळतं.

मला कुणी विचारेल, तुम्ही कलेकडं समाजकार्य मागताय का? अजिबात नाही. मी जास्त चांगलं नाटक मागतोय. आपल्या शेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आठवा. १८९९च्या ‘शारदा’त त्यांनी काय केलं? म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीसाठी नुसते अश्रू काढले नाहीत. त्यांनी व्यवहार रंगमंचावर आणला. मुलगी विकणारा कांचनभट, विकत घेणारा भुजंगनाथ, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. पैसा कसा फिरतो हे दाखवलं, म्हणून ते नाटक टिकलं. आपल्या विषयाला अजून असा देवल भेटलेला नाही. आपण करुणा रंगमंचावर आणली, सातबारा आणला नाही. भावजय आणली नाही. तहसीलचा हेलपाटा आणला नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आई म्हणेल, “माझ्यासाठी ते लेकरूच हाय.” तिला तसं म्हणायचा पूर्ण हक्क आहे, मी तो काढून घेणारा कोण? आईची ती भाषा जवळिकीतून आलेली असते. पण लेखकानं, सरकारनं, शेजाऱ्यानं तीच भाषा वापरली की तिच्यातून पळवाट निघते. लेकरू म्हटलं की ते आईचं काम ठरतं. माणूस म्हटलं की तो गावाचा, भावांचा, तालुक्याचाही होतो.

वाटा निघालेल्या आहेत. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनी एकत्र येऊन प्रौढांसाठी ‘घरकुल’ उभं केलं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर अनाथ अपंगांना अठरा वर्षांनंतरही बाहेर काढू नका म्हणून वर्षानुवर्षं भांडत आले, २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही ठिकाणी ‘माघारी’चा प्रश्न आधी विचारला गेला आणि उत्तर नंतर शोधलं गेलं. नाटकानंही तेच करायचं असतं.

तेव्हा इथं जी मुलं एकांकिका लिहितात, राज्य नाट्य स्पर्धेची तयारी करतात, त्यांना माझं एक सांगणं. या विषयावर लिहाल तर त्या माणसाला आधी वय द्या. त्रेचाळीस लिहा, एकोणपन्नास लिहा. त्याला नपुंसकलिंगातून बाहेर काढा. घरात भावजयीला बोलू द्या. आणि आईला मारून पडदा पाडू नका. पडदा उघडा तोच तिच्या दहाव्याच्या दिवशी. कावळा शिवलाय, पाहुणे पांगलेत, चुलीवर चहा आहे, आणि आतून त्याची हाक येते. आता कोण उठणार?

आणि समोर बसलेल्या आईबापांना एक साधी गोष्ट. तुमच्या मुलाची किंवा मुलीची अठरा वर्षं उलटली असतील, तर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीकडं करता येतो. तो हातपाय धड आहेत तोवर करा. तुमच्यानंतरचा दुसरा पालक कोण, हे भावकीत बसून एकदा मोठ्यानं बोला. अवघड बोलणं आहे. पण तुम्ही असताना झालं, तर त्यात तुमचाही शब्द राहील.